गांधी चौकात बस थांबवाच

प्रति,
जळगाव जिल्ह्यातल्या शाळांचे मुख्याध्यापक आणि सहलप्रमुख शिक्षक यांस

सप्रेम नमस्कार.

दिवाळीची सुट्टी संपली की तुमच्या टेबलावर सहलीची फाइल येते. पालकांची संमतिपत्रं, बसचे कागद, वर्गणीची यादी, आणि ठिकाणं तीच. रावेर, यावल, मुक्ताईनगर, भुसावळ या पट्ट्यातल्या शाळांच्या यादीत बऱ्हाणपूर असतंच. जवळ आहे, एका दिवसात होतं, खर्च बेताचा. मी एकतीस वर्षं मास्तरकी केली आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक वर्षी पोरांना तिकडे घेऊन गेलो. त्यामुळे हे पत्र तक्रारीचं म्हणाल तर पहिली तक्रार माझी माझ्यावरच आहे.

आपली वाट ठरलेली. सकाळी इच्छापूरला देवीचं दर्शन, मग शाही किल्ला आणि त्यातला हमाम, कुंडी भंडारा, वेळ उरला तर असीरगड. परतताना गांधी चौकात मावा जिलेबी. पोरं जिलेबी खातात ती एका काळ्या दगडी इमारतीकडे पाठ करून. ती जामा मशीद. दोन उंच मिनार, पंधरा कमानींचं दालन, आणि एवढ्या मोठ्या मशिदीवर घुमट एकही नाही. बारा-तेरा सहलींत मी तिच्या पायरीवर चढलो नाही. का, असं कुणी विचारलं असतं तर "वेळ नव्हता" म्हणालो असतो. वेळ होता. जिलेबीच्या रांगेत आम्ही तासभर घालवत होतो. खरं कारण असं की एका वर्षी एका सहकाऱ्याने हळूच सांगितलं, "कशाला आत नेता, उगाच पालकांकडून काही यायचं." ते मला पटलं होतं असंही नाही. सोयीचं मात्र वाटलं.

मग एका डिसेंबरात जिलेबीवाल्याची कढई तापायला वेळ होता, आणि नववीतल्या चार मुली विचारायला आल्या, "सर, आत बघून येऊ?" मी सोबत गेलो. दारातल्या म्हाताऱ्या बाबांनी चपला कुठे ठेवायच्या ते दाखवलं आणि आमच्यापुढे चालत थेट एका भिंतीशी नेऊन उभं केलं. आमच्यासारखे लोक आले की तिथेच न्यायचं, हे त्यांना सवयीचं असावं. वर अरबी होतं. आणि अरबीच्या सोबतीला देवनागरी. संस्कृत घेतलेली एक मुलगी होती, ती अडखळत वाचू लागली. "श्रीसृष्टिकर्त्रे नमः।" मग पुढे कुठेतरी तिला "संवत् १६४६" आणि "शके १५११" लागलं, आणि ती वळून म्हणाली, "सर, मशिदीत पंचांग कुणी लिहिलं?"

तिच्या त्या प्रश्नापायी मी पुढची काही वर्षं घालवली. जे कळलं ते तुमच्यापुढे ठेवतो.

बऱ्हाणपूर वसवलं ते खानदेशच्या फारुकी सुलतानांनी, १४०० च्या आसपास. होय, आपल्या खानदेशच्या. जळगाव, धुळे हा सगळा मुलूख त्यांचा आणि राजधानी बऱ्हाणपूर. आपण ज्याला परराज्यातलं गाव म्हणतो, ते दोनशे वर्षं आपल्या मुलखाचं मुख्य शहर होतं. ही मशीद बांधून झाली ती राजा अली खान फारुकीच्या काळात. त्याचं राज्यावरचं नाव आदिलशाह. संस्कृत लेखात ते "एदलशाह" असं आलंय. आपल्या बखरींमध्ये विजापूरकरांना "येदलशहा" म्हणतात, तीच वळणाची जीभ. आणि मशिदीला लेखात शब्द आहे "मसीति". आपल्या आजीच्या तोंडातल्या "मसीद"ला एवढा जवळचा शब्द संस्कृतात बघून मला हसू आलं होतं.

आता त्या पंचांगाकडे या. लेखात विक्रम संवत १६४६ आहे आणि शालिवाहन शके १५११ही आहे. उत्तरेकडचा माणूस आला तर त्याला संवत कळावा, दख्खनचा आला तर शक. संवत्सराचं नाव "विरोधी". हे नाव आपल्या दक्षिणी हिशोबाचं आहे, उत्तरेत त्या साली वेगळं नाव चालू होतं. गुढीपाडव्याला आपल्याकडे जे संवत्सराचं नाव वाचतात ना, तेच हे. साठ वर्षांनी नावं फिरून येतात. त्या मशिदीपासून सातव्यांदा विरोधी संवत्सर आलं ते २००९ च्या पाडव्याला. ही आकडेमोड पोरांकडून फळ्यावर करून घ्या, त्यांना मजा येते.

महिना पौष, पक्ष शुक्ल, दशमी सरून लागलेली एकादशी, वार सोमवार, रोहिणी नक्षत्र, रात्रीच्या अकरा घटका गेलेल्या, लग्नरास कन्या. इसवी सनाने १५९० चा जानेवारी. म्हणजे बादशाही मशिदीसाठी कुणीतरी जोशीबुवांनी घटिका मोजून वेळ लिहून दिली. सुलतानाने ती दगडात कोरू दिली, आणि मौलवींनी ती चारशेहून अधिक वर्षं भिंतीवर राहू दिली. मला यात सर्वांत मोठे वाटतात ते हे शेवटचे. एकदा कोरणं सोपं असतं. रोज पाच वेळा ज्या भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, तिच्यावर दुसऱ्याची लिपी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळणं हे वेगळं काम आहे.

लेखाच्या शेवटी मशीद कशासाठी बांधली तेही दिलंय: "स्वधर्मपालनार्थम्". स्वतःच्या धर्माचं पालन करण्यासाठी. वारकऱ्याच्या घरात वाढलेल्या माझ्यासारख्याला "स्वधर्म" हा शब्द रोजचा. तो एका सुलतानाच्या तोंडी घालताना त्या पंडिताला काही अवघड वाटलं नाही. तुझा तुला, माझा मला, आणि लिहायला शब्द एकच.

एक विनंती मात्र. हे बघून आल्यावर "पूर्वी सगळे किती गुण्यागोविंदाने नांदत होते" असा निबंध पोरांना लिहायला लावू नका. पोरं हुशार असतात, त्यांना खोटं लगेच कळतं. त्याच लेखात एक आशीर्वाद आहे, चंद्र-सूर्य-तारे असेतो फारुकी वंश पृथ्वीवर नांदो. त्यानंतर अकरा वर्षांत, १६०१ मध्ये, अकबराने त्यांचा असीरगड घेतला आणि फारुकी संपले. अकबरानेही त्याच मशिदीत आपला लेख कोरून घेतला.

आणि १६८१ तर आपल्या सातवीच्या मुलालाही पाठ असतं. राज्याभिषेक झाल्याबरोबर संभाजीमहाराजांच्या फौजेने बऱ्हाणपूर लुटलं. माझ्या वर्गात बऱ्हाणपूर म्हटलं की हीच एक ओळ होती, आणि ती मी चढ्या आवाजात शिकवत असे. ती शिकवायचीच आहे, बादशाहीच्या खजिन्यावरचा तो घाव होता. पण जो पुरा लुटला त्या बहादुरपुऱ्यात दुकानं कुणाची होती, हे मी कधी सांगितलं नाही. सराफ, जवाहिरे, कापडवाले. त्यांच्यात हिंदू व्यापारी काही कमी नव्हते. लुटीनंतर तिथल्या उलेमांनी, म्हणजे मुसलमान धर्मपंडितांनी, औरंगजेबाला लिहून कळवलं की आमच्या जीविताची, अब्रूची राखण होत नसेल तर जुम्म्याची नमाज बंद ठेवू. बादशहाला एवढं सुनावणारं पत्र. आणि त्याच औरंगजेबाने १६७९ मध्ये बसवलेला जिझिया याच शहरातल्या हिंदूंकडून कडक हाताने वसूल झाला. जवळचं बोलायचं तर २००८ मध्ये इथे दंगल झाली, संचारबंदी लागली. त्या दिवसांत रावेरच्या बाजारातही सगळे एकमेकांकडे बघून बोलत होते. हे सगळं याच शहरात घडलंय. मग एवढं होऊनही हे शहर एकत्र कसं राहिलं, हा प्रश्न पोरांना पडू द्या. उत्तर तुम्ही देऊ नका. उत्तर बघायला बसने पुढे जायचंय.

कुंडी भंडाऱ्याला तर तुम्ही नेताच. लिफ्टने खाली उतरायचं, गार हवा, पाण्याचा आवाज, फोटो, वर. पण तिथे एवढं सांगा की हिंदीच्या पुस्तकात ज्याचे दोहे पाठ केले तो रहीम, अब्दुर्रहीम खानखाना, या शहराचा सुभेदार होता, आणि हे पाण्याचं काम त्याच्या काळातलं, १६१५ चं. सातपुड्यातून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यांनी, शंभरावर कुंड्यांच्या रांगेतून, नुसत्या उताराने शहरात आणलेलं. तंत्र इराणी, ते बसवणारा माणूस इराणी, पैसा मोगली. आणि भंडाऱ्यांची नावं? मूळ भंडारा, सुखा भंडारा, चिंताहरण. इराणी विद्येला गावाने ठेवलेलं नाव चिंताहरण! त्याच काळात इकडे खडकीत, म्हणजे नंतरच्या औरंगाबादेत, मलिक अंबरही असंच पाणी खेळवत होता. रहीमचा मुलगा शाहनवाज खान त्या अंबरशी लढत होता, आणि दोन्हीकडचे लोक एकाच विद्येचं पाणी पीत होते. शाहनवाजची कबरही बऱ्हाणपुरातच आहे, लोक तिला काळा ताजमहाल म्हणतात. २०२४ मध्ये हा भंडारा युनेस्कोच्या संभाव्य वारशाच्या यादीत गेला, तेवढीही बातमी आपल्या शाळांत कुणी वाचून दाखवल्याचं ऐकलं नाही.

भंडाऱ्याचं पाणी पुऱ्यापुऱ्यात जात होतं आणि पुरे तरी किती तऱ्हेचे! सिंधीपुरा नावाचा मोहल्ला आहे, तो फाळणीनंतरच्या सिंध्यांचा असेल असं मला कित्येक वर्षं वाटायचं. तो सोळाव्या शतकातला निघाला. सिंधमध्ये धामधूम माजली तेव्हा तिथले विणकर आणि सूफी इथे येऊन बसले, त्यांचा पुरा. विणकर आले की सूत लागतं, सूत आलं की व्यापारी लागतो, कापड झालं की उंटवाला लागतो. तावेर्निये नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या सतराव्या शतकात इथून गेला. त्याने लिहून ठेवलंय की इथलं सोन्याचांदीच्या तारांचं कापड इराण, तुर्कस्थान, रशिया, पोलंडपर्यंत जातं. आज तारेचं काम उरलं नाही, पण माग खडखडतोय. संध्याकाळी कुठल्याही गल्लीत शिरा, यंत्रमागाचा आवाज कानात बसतो. विणणारे बहुतेक मोमीन. सूत आणणारे, सुताला खळ देणारे सायझिंगवाले, तयार माल उचलणारे यांत हरेक जातीचा माणूस. यातला एक थांबला तर बाकीच्यांची चूल थंड. दंगलीनंतर इथे सर्वांत आधी कोण कुणाच्या दारात गेलं असेल, याचा मला तरी अंदाज करता येतो: ज्याचा माल अडकला होता तो.

आपण तरी वेगळे कुठे आहोत? रावेर तालुक्यातला केळीवाला सकाळी उठून आधी काय विचारतो? "बऱ्हाणपूरचा भाव काय निघाला?" आपली बाग, आपलं खोड, आपला घड, आणि भाव तिथल्या लिलावाचा. बागवान भावाची गाडी, पाटलाचा माल, पलीकडच्या गावातले आदिवासी मजूर कापणीला. हे वर्गात सांगायला इतिहासाचं पुस्तकच लागत नाही, अर्ध्या वर्गाचे बाप त्यात आहेत.

मांड्यांचंही सांगून टाकतो, राहवत नाही. खापरावर हात हलवत टाकायचे मांडे हे आपण खानदेशचं, आपल्या आयाबायांचं म्हणून मिरवतो. बऱ्हाणपुरात मुसलमानांच्या लग्नाच्या दावतीला मांडेच लागतात, रुमालाएवढे, उलट्या कढईवर टाकलेले. आपले पुरणाचे, त्यांचे सालनाबरोबर. पहिले कुणाचे, या वादात मी पडलो होतो. खाऊन झाल्यावर वाद संपला.

आणखी दोन-तीन ठिकाणं आपल्या वाटेवरच आहेत. लोधीपुऱ्याजवळ दर्गाह-ए-हकीमी: अठराव्या शतकातले दाऊदी बोहऱ्यांचे संत सय्यदी अब्दुलकादिर हकीमुद्दीन यांची समाधी. देशोदेशीचे बोहरे तिथे येतात, आणि एवढी स्वच्छ जागा मी सबंध खानदेशात पाहिली नाही. स्वच्छतेवर भाषण देण्यापेक्षा पोरांना तिथे अर्धा तास बसवा. गावात बडी संगत गुरुद्वारा: १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंग बादशहा बहादुरशहाच्या छावणीबरोबर दख्खनला निघाले, तेव्हा ते इथे मुक्कामाला होते. इथून पुढे नांदेड. तिथे काय झालं हे आपल्या पोरांना ठाऊक असतं, मधला मुक्काम ठाऊक नसतो. नागझिरीला कबीरपंथीयांचं निर्णय मंदिर. तापीकाठी मिर्झाराजा जयसिंगाची छत्री: पुरंदरच्या तहातला तो जयसिंग १६६७ मध्ये याच शहरात वारला. तहाचा धडा शिकवून झाल्यावर त्या छत्रीखाली पोरांना उभं करून बघा, वर्गात जे होत नाही ते होतं.

नदीच्या पलीकडे जैनाबाद. मुमताजमहल १६३१ मध्ये बऱ्हाणपुरात वारली आणि सहा महिने तिचं शव याच काठावर होतं, हे गाइड सांगतोच. तो सांगत नाही ते मी सांगतो. बऱ्हाणपूर हे नाव सूफी शेख बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचं, जैनाबाद हे त्यांच्यानंतरच्या शेख जैनुद्दीन शिराजी यांचं. आणि दोघेही निजलेत खुलदाबादला, वेरूळच्या घाटावर. तापीकाठच्या दोन गावांनी नावं घेतली ती मराठवाड्यातल्या दोन कबरींवरून. पुढे पहिला निजाम १७४८ मध्ये बऱ्हाणपुरात वारला, त्याला नेऊन पुरलं ते बुऱ्हाणुद्दीनच्या दर्ग्यात. औरंगजेब पडलाय जैनुद्दीनच्या अंगणात. बादशहांच्या कबरींवरून आपण हल्ली फार बोलतो. ज्यांच्या पायाशी ते जाऊन पडले त्या फकिरांची नावं मात्र आपल्या स्टाफरूममध्ये दहात दोघांना सांगता येणार नाहीत. मलाही साठीनंतर कळली.

तुम्हाला अडचणी येतील, त्या मला माहीत आहेत. एखादा पालक फोन करेल, "मशिदीत कशाला नेलं?" त्याला सांगा, शके १५११ वाचायला नेलं. संस्थाचालक भुवई उंचावतील. त्यांना लेखाचा फोटो दाखवा, "श्रीसृष्टिकर्त्रे नमः" वाचून त्यांचीही भुवई खाली येईल, पण फार खालीही येऊ देऊ नका. ही मशीद केवळ संस्कृतमुळे बघण्याजोगी झाली असं पोरांच्या मनात बसलं तर सगळंच वाया गेलं. आधी अरबी कुणाकडून तरी वाचून घ्या. दारातले बाबा, नाहीतर तिथला कुणी तालीब, म्हणजे मदरशातला विद्यार्थी, आनंदाने वाचून दाखवेल. उर्दू शाळेच्या मुख्याध्यापकांनो, तुम्हीही या यादीत आहात. तुमची पोरं अरबी ओळ वाचतील आणि देवनागरीपाशी अडतील, आमची उलट. दोन शाळांनी एकाच दिवशी सहल काढली तर भिंतीपुढे काय होईल, ते मला एकदा बघायचंय. आजवर कुणी तयार झालं नाही. एकदा ठरत आलं होतं, पण बसच्या भाड्याची वाटणी जमेना. कारण खरंच तेवढंच होतं, दोन्हीकडचे गणिताचे शिक्षक चिवट निघाले.

व्यवहाराचं थोडं. शुक्रवार टाळा. नमाजच्या वेळा आधी विचारून घ्या, दुपारची संपली की निवांत वेळ मिळतो. मुलींनी ओढणी, मुलांनी रुमाल जवळ ठेवावा, गुरुद्वारात लागतोच, तोच इथे चालतो. मोबाइल बंद. लेखाला हात लावू द्यायचा नाही, कुणी खडूने अक्षरं भरायचा उद्योग करू नये, तो दगड चारशेहून अधिक वर्षांचा आहे. पोरांच्या हाती वही द्या आणि फक्त आकडे शोधून उतरवायला सांगा: संवत, शक, घटका. एवढ्याला पंचवीस मिनिटं पुरतात. असीरगड नाही झाला तरी चालेल, तो पुढच्या वर्षी.

आणि ती संस्कृतवाली मुलगी आता बऱ्हाणपूरच्या अलीकडेच एका गावी नांदते. परवा तिने फोन करून विचारलं, "सर, तुमची शाळा यंदा नेतेय का? माझ्या पोरीला बसवता येईल का?" माझी कुठली आता शाळा! म्हणून हे पत्र. तुमच्यापैकी ज्यांचं ठरेल त्यांनी बसमध्ये दोन जागा ठेवा, एक तिच्या पोरीची, एक माझी. मी रावेरच्या स्टँडवर उभा राहीन. जिलेबीचे पैसे माझ्याकडे.

आपला,
रावेर तालुक्यातला एक निवृत्त शिक्षक